लेन्सला बुरशी, आणि माझ्या हातात बनियन

दादरला समुद्र आमच्यापासून चालत दहा मिनिटं, पावसाळ्यात कपाटातले चामड्याचे बूटसुद्धा हिरवे होतात, हे माहीत असूनही मी टेलिस्कोप कॅप लावून बॅगेत कोंबून चार महिने माळ्यावर टाकलेला. ८० एमएमच्या भिंगाचा रिफ्रॅक्टर, म्हणजे आरशाऐवजी भिंगाने बघायची दुर्बीण, फोकल लेंथ ९०० एमएम, साधा अ‍ॅक्रोमॅट, म्हणजे पुढे दोन काचांचं जोडभिंग. २०२४ च्या ऑक्टोबरात मुंबईबाहेर वांगणीला तारे बघायला जायचं ठरलं म्हणून बॅग उघडली तर कुबट वास, वर आईने झुरळं नकोत म्हणून टाकलेल्या डांबरगोळ्या. मोबाइलचा टॉर्च तिरका मारून बघितलं, धूळ तर होतीच पण कडेला कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक पांढरे धागे. बुरशी!

हात आधी गेला तो बाबांच्या जुन्या बनियनकडे, आमच्या घरात चष्मे त्यानेच पुसतात. नशीब की त्याआधी आमच्या आकाश बघणाऱ्या ग्रुपमधल्या एका काकांना फोन केला. ते म्हणाले, "टॉर्च मारलास तर नवी कोरी लेन्सपण घाण दिसेल, नुसती धूळ असती तर हात लावू नको म्हटलं असतं. पण बुरशी काढावीच लागेल, ती अ‍ॅसिड सोडते, आधी कोटिंग, म्हणजे काचेवरचा पातळ थर खाते, मग काच. आणि ते बनियन खाली ठेव, कपड्यात अडकलेला एक वाळूचा कण पुरतो."

मग प्रिन्सेस स्ट्रीटचं केमिकलचं दुकान. ९९ टक्केवालं आयसोप्रोपिल अल्कोहोल, सर्जिकल कापूस, डिस्टिल्ड वॉटर, आणि रबरी ब्लोअर घरी होताच. दुकानदाराने विचारलं लॅबसाठी का, म्हटलं आकाश बघायला, तर त्याने माझ्याकडे जे बघितलं ते जाऊ दे.

पंखा बंद, दारं बंद, घाम नुसता टपटप, तो काचेवर पडू नये म्हणून कपाळाला रुमाल बांधला. ट्यूबचं तोंड थोडं खाली करून आधी फक्त ब्लोअर, अगदी पाच मिनिटं, मग मऊ ब्रश. तोंडाने फुंकायचं नाही, थुंकी उडते. अल्कोहोल काचेवर ओतायचं नाही, कापसावर घेऊन पिळायचं, कारण थेंब ओघळला की भिंग धरून ठेवणाऱ्या रिंगखालून दोन भिंगांच्या मध्ये शिरतो. कापूस दाबायचा नाही, त्याच्या स्वतःच्या वजनाने मधून कडेकडे ओढायचा, एकदाच, की तो बोळा कचऱ्यात. अर्धं बंडल संपलं राव. पहिल्यांदा नुसते पट्टे उठले, वैतागून सोडून देणार होतो, मग डिस्टिल्ड वॉटरचा ओलसर बोळा आणि पाठोपाठ अल्कोहोल असं केलं तेव्हा जमलं. धागे निघाले, पण जांभळट कोटिंगवर त्यांची पुसट नक्षी राहिलीच, ती आता जाणार नाही.

एक ठिपका दोन भिंगांच्या आत दिसत होता आणि हात शिवशिवत होते. काकांनी फोनवरच झापलं. आत क्राउन आणि फ्लिंट अशा दोन वेगळ्या प्रकारच्या काचा, मध्ये पातळ फॉइलचे तीन तुकडे, खुणा न करता उघडलं आणि एक काच जराशी फिरून बसली तरी तारा गोल दिसेल याची गॅरंटी नाही. ठेवला तसाच.

वांगणी ढगांनी खाल्लं, म्हणून गच्चीवरूनच बघितलं. खरं सांगायचं तर अल्बिरिओ या जोडताऱ्याची पिवळी-निळी जोडी आधी दिसायची तशीच दिसली. शनीची कडी सुरीच्या पात्यासारखी बारीक (२०२५ च्या मार्चमध्ये ती आपल्याला कडेने दिसणार होती ना), त्याच्यात माझ्या कापसाचं काही कर्तृत्व नाही. फक्त चंद्राभोवतीचा दुधाळ धुरकटपणा बराच कमी झाला.

आता ट्यूब ओल शोषणाऱ्या सिलिका जेलसकट घट्ट झाकणाच्या डब्यात असते. दाणे निळ्याचे गुलाबी झाले की जुन्या पॅनमध्ये तापवतो, स्वयंपाकाच्या नाही, त्या निळ्यात विषारी कोबाल्ट असतं. आणि बघून आल्या आल्या कॅप लावत नाही, दव आधी आपोआप सुकू देतो. डांबरगोळ्या काढून टाकल्या, त्यांची वाफ काचेवर कशाला. आईने परवा डबा उघडून पुन्हा दोन टाकल्यात.