टेनेसीच्या रकान्यात तेलविहीर

मी ह्यूस्टनमध्ये स्पीच थेरपिस्ट आहे. स्ट्रोकनंतर ज्यांची वाचा गेली किंवा अडखळू लागली, त्यांना आम्ही एकेका प्रकारातली नावं आठवायला सांगतो: प्राणी, भाज्या, स्वयंपाकघरातल्या वस्तू. पण टेक्ससमधल्या साठी-सत्तरीच्या माणसाला भाज्या विचारल्या की तो कंटाळतो आणि अमेरिकन फुटबॉलचा विषय काढला की खुर्चीत सरसावून बसतो. म्हणून मी एनएफएलचे, म्हणजे त्या फुटबॉलच्या व्यावसायिक लीगचे, बत्तीस संघ घेते. दोन कॉन्फरन्स, प्रत्येकीत चार विभाग, प्रत्येक विभागात चार संघ. फळ्यावर रकाने आखून आत शहरं किंवा राज्यं लिहिली की कुठलं नाव राहिलं ते लगेच दिसतं, आणि अगदीच अडलं तर पहिल्या अक्षराचा आधार देता येतो.

नावं कशी येतात हे पाहण्यासारखं असतं. आधी काउबॉइज, मग स्टीलर्स, पॅकर्स, पेट्रियट्स, चीफ्स. जिंकणारे आधी आठवणार, त्यात नवल नाही. पण हरणारे शेवटी येतात म्हणावं, तर तसंही होत नाही. डेट्रॉइट लायन्स 2008 मध्ये सोळाच्या सोळा सामने हरले, क्लीव्हलंड ब्राउन्सनी 2017 मध्ये तेच केलं, आणि ही दोन्ही नावं पटकन निघतात. बफेलो बिल्स 1991 ते 1994 लागोपाठ चार सुपर बोल, म्हणजे लीगचे अंतिम सामने, हरले. त्यांना कोणीच विसरत नाही. जीव जळावा अशी हार माणसाच्या डोक्यात घर करून राहते. निसटतात ते मधले, ज्यांनी लोकांना ना धड हसवलं ना धड रडवलं.

माझ्या फळ्यावर सगळ्यात जास्त रेंगाळतो तो एएफसी या कॉन्फरन्समधला साउथ विभाग. हा विभाग 2002 मध्ये नव्याने जुळवला. कोल्ट्सना 1984 च्या मार्चमध्ये रातोरात ट्रकमध्ये भरून बाल्टिमोरहून इंडियानापोलिसला हलवलेलं, टायटन्स ह्यूस्टन सोडून टेनेसीला गेलेले, जॅग्वार्स 1995 चे आणि ह्यूस्टनचे आत्ताचे टेक्सन्स तर 2002 मध्येच मैदानात उतरलेले. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं वैर या चौघांत नाही. इथले लोक टेक्सन्स अर्थातच सांगतात, पेटन मॅनिंग या गाजलेल्या खेळाडूमुळे कोल्ट्सही आठवतात. उरतात दोन. त्यातही जॅक्सनव्हिल जॅग्वार्स हा मला सगळ्यात विसरला जाणारा संघ वाटतो, आणि याचं वाईट वाटतं. 1999 च्या मोसमात ते सोळापैकी चौदा सामने जिंकले होते. मोसमानंतरचे बाद फेरीचे सामने (प्लेऑफ) धरून त्या वर्षी ते फक्त तीनदा हरले, आणि तिन्ही वेळा टायटन्सकडून. ही काय साधी गोष्ट आहे? पण ती सांगणारं माणूस मला अजून भेटलेलं नाही.

18 डिसेंबर 2023, सोमवार. आदल्या दिवशी टेनेसीतल्या नॅशव्हिलमध्ये टायटन्स आणि टेक्सन्सचा सामना झाला होता, आणि टायटन्स उतरले होते ते जुन्या ह्यूस्टन ऑयलर्सच्या फिकट निळ्या पोशाखात. हेल्मेटवर तीच तेलविहिरीची खूण. ज्याला ह्यूस्टनचा इतिहास ठाऊक नाही, त्याला यात रागावण्यासारखं काय ते कळणार नाही. ऑयलर्स 1960 पासून या शहराचे. मालक बड ॲडम्स यांना नवं स्टेडियम हवं होतं, शहराने पैसे द्यायला नकार दिला, आणि 1996 चा मोसम संपल्यावर त्यांनी संघ उचलून टेनेसीला नेला. 1999 मध्ये नाव बदलून टायटन्स केलं. ब्राउन्स बाल्टिमोरला गेले तेव्हा क्लीव्हलंडने भांडून नाव, रंग आणि विक्रम स्वतःकडे ठेवून घेतले होते. 1999 मध्ये नवा संघ आला तो त्याच नावाने. ह्यूस्टनला काहीच मिळालं नाही. नाव, रंग, तेलविहीर सगळं मालकाबरोबर गेलं.

त्या सोमवारच्या गटात एक आजोबा होते. ह्यूस्टनच्या शिप चॅनेलजवळच्या (जहाजांच्या जलमार्गाजवळच्या) रिफायनरीत आयुष्य काढलेलं, मेंदूच्या डाव्या बाजूला स्ट्रोक, उजवा हात निकामी. समजत सगळं होतं, पण तोंडातून ‘हो’, ‘नाही’ आणि एखाददुसरा शब्द, तोही खूप झगडल्यावर. बायको सोबत असायची. त्या दिवशी आल्या आल्या ती हळूच म्हणाली, “काल टेक्सन्स ओव्हरटाइममध्ये जिंकले, 19-16. पण यांनी मधेच टीव्ही बंद करायला लावला. तो निळा रंग बघवेना त्यांना.”

फळा भरत गेला. एक निवृत्त शिक्षिका भराभर सांगत होत्या, अपघातात डोक्याला मार लागलेला एक तरुण अडत अडत भर घालत होता. शेवटी नेहमीचे दोन रकाने रिकामे राहिले, जॅक्सनव्हिल आणि टेनेसी.

“टेनेसीत कोण बरं?” शिक्षिका कपाळ चोळत म्हणाल्या.

मी आजोबांकडे पाहिलं आणि पहिल्या अक्षराचा आधार दिला, “टा...” एरवी असा आधार मिळाला की ते माझ्या ओठांकडे बघत तसे ओठ हलवायचे. त्या दिवशी त्यांनी ओठ घट्ट मिटले आणि बोट हलवून नकार दिला. मग मार्करसाठी डावा हात पुढे केला.

वॉकर धरून ते फळ्यापाशी आले. बायकोने पाठीला हात दिला. टेनेसीच्या रकान्यात त्यांनी थरथरत्या हाताने दोन तिरप्या रेघा काढल्या, वर जुळणाऱ्या. मधे आडव्या काड्या, एकेक करून, खालून वर. टोकाशी एक ठिपका. ऑयलर्सच्या हेल्मेटवरची तेलविहीर. ‘टेनेसी’ या अक्षरांवर त्यांनी एक आडवी रेघ मारली आणि मार्कर माझ्या हातात दिला.

तरुण म्हणाला, “पण हा संघ आता नाहीच ना!” आजोबा त्याच्याकडे वळले, तोंड उघडलं, शब्द येईना. आणि मग त्यांनी गाणं सुरू केलं. ऑयलर्सचं जुनं, स्टेडियममध्ये वाजायचं ते गाणं. शब्द स्पष्ट, चाल बरोबर, शहराच्या नावासकट. त्यांची बायको रडायलाच लागली. स्ट्रोकनंतर नवऱ्याच्या तोंडून सलग ओळ ती पहिल्यांदाच ऐकत होती.

बोलता न येणारा माणूस गाऊ शकतो, हे आमच्या क्षेत्रात जुनं ज्ञान आहे. त्यावरच उभी असलेली मेलोडिक इंटोनेशन थेरपी बोस्टनमधल्या तज्ज्ञांनी 1973 मध्ये मांडली: वाक्य चालीत म्हणायचं, डाव्या हाताने ताल धरायचा, मग हळूहळू चाल काढून घ्यायची. मी आजोबांवर वाढदिवसाचं गाणं, चर्चमधली गाणी असं बरंच वापरून पाहिलं होतं. कशालाच असा प्रतिसाद आला नव्हता.

नंतर बायकोने सांगितलं, जानेवारी 1980 मध्ये ऑयलर्स पिट्सबर्गमध्ये हरून परतले, त्या रात्री हे दोघं ॲस्ट्रोडोममध्ये, ह्यूस्टनच्या त्या वेळच्या स्टेडियममध्ये, होते. पन्नास हजारांहून जास्त माणसं हरलेल्या संघाच्या स्वागताला जमली होती. “सगळे हेच गाणं म्हणत होते,” ती म्हणाली. सुपर बोलची पायरी एकदाही न चढलेला, शहरातून उठून गेलेला संघ, आणि बाकी सगळी भाषा कोसळली तेव्हा या माणसाकडे तोच शिल्लक होता.

तपासणीच्या कागदावर टेनेसीसमोर काय लिहायचं? शब्द आला नाही, म्हणून नियमाने शून्य. पण न आठवणं वेगळं आणि आठवत असून न उच्चारणं वेगळं. मी शून्य लिहिलं आणि शेजारी नोंद केली की रुग्णाला संघाची ओळख पूर्ण आहे, उच्चार हेतुपुरस्सर टाळला.

पुढचे महिने आम्ही त्याच गाण्यावर काम केलं. टेबलावर डाव्या हाताने ताल, आधी पूर्ण ओळ, मग अर्धी, मग फक्त शहराचं नाव. ‘कुठे राहता?’ या प्रश्नाला त्यांनी पहिल्यांदा न गाता ‘ह्यूस्टन’ म्हटलं तेव्हा मी बायकोला फोन करून ऐकवलं. मग ‘कॉफी’ आलं, मग नातीचं नाव.

टायटन्स हे नाव त्यांच्या तोंडून आलेलं नाही, आणि मी पुन्हा विचारलेलंही नाही. जॅग्वार्सवर मात्र सगळा गट अजून मेहनत घेतोय.