उंच माणसाला न सापडणारा स्नॅग

स्नॅग रजिस्टरमध्ये, म्हणजे विमानातल्या बिघाडांच्या नोंदवहीत, एका ओळीची तक्रार होती: 'डाव्या सीटचा खांद्याचा पट्टा उडताना सैल होतो.' खाली आमच्याच देखभाल खात्याचं उत्तर: 'तपासला, ठीक आहे.' मागची पानं चाळली तर हाच सवालजवाब पुन्हा. तक्रारीचं अक्षर वेगवेगळं, उत्तर मात्र तेच.

इंदूरच्या विमानतळावर, बिजासन टेकडीच्या बाजूला आमचा हँगर. विमान दोन सीटचं, लाइट स्पोर्ट वर्गातलं, म्हणजे माणसं-इंधनासकट 600 किलोच्या आतलं. एवढंसं यंत्र मे महिन्यात माळव्याच्या तापलेल्या काळ्या मातीवरून उन्हं चढल्यावर उडवलं, की आतल्या माणसाला चांगलंच घुसळून काढतं. खांदे मोकळे असतील तर डोकं थेट कॅनॉपीला, म्हणजे वरच्या पारदर्शक छताला. त्या दिवशी शिकाऊ मुलगी उतरली तीच टाळू चोळत.

"सर, सारखा ओढून घेते तरी सुटतो. आता तुम्ही पण 'ठीक आहे' लिहू नका हं."

तिचे इन्स्ट्रक्टर मागून आले. "अहो, हिला आवळताच येत नाही. परवा मी त्याच सीटवर होतो. मला कुठे सुटला?"

मी बसून पाहिलं. पट्टा ओढला, अंग हलवलं, पुढे झुकून पॅनेलवरचे स्विच गाठले. जागचा हलेना. माझी उंची सहा फुटांच्या आसपास, इन्स्ट्रक्टरांचीही तेवढीच. मग पुन्हा रजिस्टर घेतलं आणि तक्रार कुणाकुणाची ते बघितलं. सगळी बुटकी मंडळी!

तिलाच परत बसवलं. पट्टा अ‍ॅडजस्टरमधून (लांबी कमी-जास्त करायच्या चौकटीतून) जिथे बाहेर पडतो तिथे शिंप्याच्या खडूने रेघ मारली (मार्कर पेन पट्ट्यावर चालवायचा नाही, शाईत काय असेल सांगता येत नाही). चाकांना चोक (अडकण) लावून इंजिन सुरू केलं आणि तिला सांगितलं, उडताना करतेस तसं सगळं कर: मान वळव, डावी-उजवीकडे बघ, रेडिओला हात घाल. इंजिन बंद करून पाहिलं तर रेघ चांगली दोन बोटं सरकलेली.

हा अ‍ॅडजस्टर शाळेच्या दप्तराच्या पट्ट्याला असतो त्याच जातीचा. सपाट पडला, की आतली खरबरीत दांडी पट्ट्याला चौकटीवर दाबून धरते. तिरका उचलला की पकड सुटते. सैल करायची रीतच ती. आता घोळ बघा. बकलपासून अ‍ॅडजस्टरपर्यंतचा खालचा तुकडा शिवून ठरलेल्या लांबीचा आहे. माझ्या छातीवर अ‍ॅडजस्टर मधोमध, सपाट बसतो. तिचं धड आखूड, त्यामुळे तो वर जाऊन गळ्याच्या हाडावर, खांद्याच्या वळणावर टेकतो. तिथे त्याला सपाट पडायला जागाच नाही. इंजिनाची थरथर आणि हवेचे धक्के, प्रत्येक वेळी किंचित उचलला जातो आणि पट्टा मिलिमीटर-मिलिमीटरने सरकतो. ती आवळायला चुकत नव्हती.

इन्स्ट्रक्टर म्हणाले, "मग खाली जाड उशी देऊ." पण उशीने माणूस वर जातो, बकलही त्याच्याबरोबर वर जातं, बकल ते खांदा हे अंतर तेवढंच राहतं.

थोडा फरक मात्र लगेच पडला. ती आधी खांद्याचे पट्टे ओढायची, मग कमरेचा. त्यामुळे बकल पोटावर चढायचं आणि अ‍ॅडजस्टर आणखी वर. कमरेचा पट्टा आधी, खाली, कुल्ल्याच्या हाडांवर घट्ट; खांद्याचे नंतर. हे पाठ्यपुस्तकात असतंच, शिकवताना घाईत गळतं. बकल पोटावर असणं तसंही धोक्याचं, आपटल्यावर माणूस पट्ट्याखालून पुढे घसरतो.

मग पट्टा काढून उजेडात धरला. अ‍ॅडजस्टर नेहमी पकडतो त्या जागी विणकाम गुळगुळीत होऊन चकाकत होतं. दांडीच्या खाचांत काळी धूळ आणि घामाचा थर. कोमट पाणी, सौम्य साबण, सावलीत वाळवणं. पकड सुधारली, पुरेशी नाही. झिजलेल्या खाचा धुवून परत येत नाहीत.

आमच्या मदतनीस पोराने उपाय काढला, "दादा, सियागंजात ताडपत्री शिवणारा आहे, खालचा तुकडा कापून आखूड करून देईल, अर्ध्या तासात." देईलही, आणि दिसेलही छान. पण पट्ट्याची ताकद जेवढी विणीत तेवढीच टाक्यांत असते: दोरा कुठला, टाके किती, नक्षी कशी. लहान विमानांच्या नियमांत पट्ट्याने पुढच्या दिशेने 9 जी, म्हणजे माणसाच्या वजनाच्या नऊपट भार, सोसावेत असा हिशेब असतो. 50 किलोची मुलगी त्या क्षणी 450 किलोचा भार होते. तो ताडपत्रीच्या टाक्यांवर टाकायची माझी तयारी नव्हती. पट्ट्याची लांबी बदलायची तर निर्मात्याची लेखी संमती हवी, कारण खाली सही माझी असते.

म्हणून डाव्या सीटवरून उड्डाण बंद, असं लिहून टाकलं. इन्स्ट्रक्टर वैतागले, सुट्टीच्या मोसमात विमान उभं राहणं कुणालाच परवडत नाही. निर्मात्याला खडूच्या रेघेचे फोटो आणि ती बसलेली असताना घेतलेली मापं पाठवली. त्यांच्याकडे खालचा तुकडा आखूड असलेला संच होताच, कुणी मागितलाच नव्हता.

तो आल्यावर तिलाच बसवून, तशीच रेघ मारून इंजिन चालवलं. रेघ जागेवर. मग मी बसलो. अ‍ॅडजस्टर थोडा खाली बसला, पण सपाट. त्यानंतर सही केली.

त्याच आठवड्यात दुसऱ्या विमानाचे पट्टे काढले. एका पट्ट्याच्या मोकळ्या टोकाला कुणीतरी सरकू नये म्हणून गाठ मारून ठेवली होती, इतकी करकचून की सोडवेना. तो पट्टा तसाच कापून भंगारात टाकला.