नवं आउटबोर्ड: पहिले दहा तास आणि दुकानातलं ते पिंप

नवं आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे लावायचं मशीन, घेणाऱ्या प्रत्येकाला माझं पहिलं सांगणं हेच: दुकानदाराला ते पाण्याने भरलेल्या पिंपात तासन्‌तास चालवू देऊ नका. हे मी चिडूनच लिहितोय. त्या पिंपापायी ऐन सीझनच्या तोंडावर आमची होडी किनाऱ्यावर पडून राहिली आणि मी दुकानाच्या पायऱ्या झिजवत बसलो.

मालवणजवळ देवबागला आमची फायबरची छोटी होडी आहे. जुनं दोन-स्ट्रोक काढून ९.९ हॉर्सपॉवरचं चार-स्ट्रोक घेतलं. मशीन पसंत करणं, पैसे भरणं सगळं सुरळीत झालं. खोकं फुटलं आणि दुकानदार म्हणाला, "आता रनिंग करून देतो. चार-पाच तास पिंपात फिरवलं की मशीन मोकळं होतं. मग वॉरंटी कार्डावर शिक्का मारतो." रनिंगशिवाय शिक्का नाही. पिंप एकच, मेकॅनिकही एकच, तो बाहेरगावी गेलेला, आणि माझ्या आधी दुसऱ्यांची मशीनं रांगेत.

थांबण्याचा वैताग होताच, पण मला खरा राग आला तो पिंपाचा. पिंपात मशीनवर भार कुठला? नव्या सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर बारीक तिरक्या रेघा ओढलेल्या असतात. पिस्टनच्या रिंगा त्या रेघांवर घासून बसायला हव्यात, आणि रिंगांना भिंतीवर दाबतो तो जळणाऱ्या वायूचा दाब. भार नाही तर दाब नाही. नुसतं धीम्यावर फिरवत ठेवलं की रेघा तेलाच्या थराने गुळगुळीत होतात, रिंगा बसत नाहीत आणि मशीन पुढे जन्मभर तेल खातं. चार-स्ट्रोकमध्ये आणखी एक दुखणं असतं. पुरेसं न तापलेल्या मशीनमधलं पेट्रोल रिंगांवरून खाली उतरून तेलात मिसळतं. शिवाय एक्झॉस्टचा धूर त्याच पिंपात सुटतो, पाणी तापतं, फेस होतो आणि मशीन थंड ठेवायला पाणी ओढणारा पंप पाण्याऐवजी हवा ओढू लागतो.

पाच-दहा मिनिटं पिंपात चालवून पाण्याची धार बाहेर पडते का, गिअर पडतो का, हे बघायला माझी काहीच हरकत नव्हती. ते करायलाच हवं. पण त्याला रनिंग म्हणत नाहीत.

मी मशीनसोबत आलेलं पुस्तक उघडून पानच समोर ठेवलं. त्यात स्पष्ट लिहिलेलं: पहिले १० तास, होडीला लावून, गिअर टाकून, पंख्यावर भार घेऊन, जास्त वेळ धीम्यावर ठेवू नये. दुकानदाराने पान वाचलंसुद्धा नाही. "पुस्तक बाहेरच्या लोकांसाठी असतं. आम्ही इतकी वर्षं मशीनं विकतोय." मी म्हटलं, मग हे मला लिहून द्या. लिहून द्यायला तयार नाही, शिक्का द्यायलाही नाही. परत गेलो की मेकॅनिक उद्या येणार. उद्या गेलो की परवा. तिकडे धक्क्यावर लोक रोज विचारत, मशीन खंय?

शेवटी कंपनीच्या ग्राहक विभागाला ईमेल टाकला. दोनच प्रश्न विचारले: ब्रेक-इन, म्हणजे नवं मशीन सुरुवातीला चालवून रुळवणं, पिंपात होतं का, आणि वॉरंटीसाठी दुकानातलं रनिंग लागतं का. दोन्हीला 'नाही' असं लेखी उत्तर आलं. त्याची प्रिंट काउंटरवर ठेवली आणि शिक्का तिथल्या तिथे बसला. हाच ईमेल पहिल्याच दिवशी करा. तोंडी वाद घालून काही निघत नाही, कागद लागतो.

त्यानंतरचे दहा तास मात्र आनंदाचे गेले. आम्हाला कर्लीची खाडी आहे. ती समुद्राला मिळते त्या संगमाकडे लाटा आणि वाळूचे पट्टे, म्हणून तिकडे न जाता आत नेरूरपारच्या पुलाच्या दिशेने जायचं. भांगाचे, म्हणजे छोट्या भरती-ओहोटीचे, दिवस धरले, कारण तेव्हा पाण्याला ओढ कमी असते. आणि वेळ भरतीची. सुकतीला उथळ पाण्यात पंप वाळू ओढतो आणि आपलंच नवं इंपेलर, म्हणजे आतली रबरी चकती, खातो.

पहिला तास २००० आरपीएमच्या (मिनिटाला फेरे) आत, आणि तोही एका जागी धरून नाही, वेग सतत खालीवर करत. दुसऱ्या तासाला थोडं वर, ३००० किंवा पाऊण थ्रॉटलपर्यंत. रिकामी होडी वेगाने पाण्यावर उचलली गेली की लगेच थ्रॉटल थोडं मागे घ्यायचं. उरलेले आठ तास कुठलाही वेग चालतो, फक्त फुल थ्रॉटल एका वेळी पाच मिनिटांच्या वर नको. हे आकडे माझ्या मशीनच्या पुस्तकातले, तुमचं पुस्तक बघून घ्या. दोन-स्ट्रोक असेल तर या काळात पेट्रोलमध्ये तेलाचं प्रमाण वाढवावं लागतं, बहुतेक २५ ला १, आणि तेल टीसी-डब्ल्यू ३ चंच, म्हणजे होडीच्या दोन-स्ट्रोक मशीनसाठीच्या दर्जाचं. मोटारसायकलचं टू-टी घालू नका.

छोट्या मशीनला आरपीएम मीटर नसतो. मी स्पार्क प्लगच्या वायरला गुंडाळायचा छोटा मीटर घेतला. तो सुरुवातीला धीम्यावर १९०० दाखवत होता. मशीन ठीकच होतं, सेटिंग चुकीचं आलेलं. बऱ्याच छोट्या चार-स्ट्रोक आउटबोर्डमध्ये दर फेऱ्याला ठिणगी पडते. मीटर दोन फेऱ्यांना एक धरून बसला की दुप्पट आकडा दाखवतो. सेटिंग बदललं, ९५० आलं. तुमच्या मीटरचा धीम्याचा आकडा पुस्तकाशी जुळवूनच निघा.

धक्क्यावरच्या एका जुन्या तांडेलकाकांनी मला बजावलं होतं, "पयल्यापासून दाब, नायतर मशीनाक हळू चालूची सवय लागता." काकांचा मला आदर आहे, समुद्र मी त्यांच्याकडूनच शिकलो. तरी हे मी ऐकलं नाही.

रोज परतल्यावर विहिरीच्या गोड्या पाण्याने मशीन धुतलं. दहा तास पुरे होईपर्यंत थांबायचं नाही, पहिल्या फेरीपासून धुवायचं. पेट्रोल ताजं भरा. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असतं, ते ओलावा ओढतं. पाणी अडवणारा फिल्टर लावून घ्या. तेलाची काडी रोज काढून बघा आणि वासही घ्या. पातळी वाढली आणि पेट्रोलचा वास आला तर मशीन भाराशिवाय फार चाललंय.

२० तासांना पहिली सर्व्हिसिंग: इंजिन ऑइल आणि गिअर ऑइल दोन्ही बदललं. गिअर ऑइलच्या बोल्टवर राखेसारखी बारीक लोखंडी भुकटी होती, ती नव्या मशीनला असतेच. तुकडे निघाले किंवा तेल दुधाळ दिसलं तर मात्र मशीन परत पाण्यात घालू नका.

ब्रेक-इन संपल्यावर नेहमीचा भार घेऊन एकदा फुल थ्रॉटल तपासलं. माझ्या मशीनला ५००० ते ६००० ची हद्द आहे, ते ५६०० ला गेलं. तुमचं त्याखाली अडकलं तर पंख्याची पिच (एका फेऱ्यात पंखा किती पुढे जातो ते माप) जास्त आहे, कमी पिचचा लावून बघा. आणि हे राहिलंच: दुकानातून निघायच्या आधी ब्रॅकेटवरचा सिरियल नंबर कार्डावरच्या नंबराशी जुळवा आणि दोन्हींचा फोटो काढून ठेवा.