मुळातलं झाड

आज ज्वारीच्या मुळात पहिल्यांदा आर्बस्क्यूल पाहिलं. कॉस्टिक पोटॅशमध्ये उकळून निळ्या रंगात बुडवलेलं बारीकसं मूळ, आणि त्याच्या पेशीत बुरशीचं इवलंसं, फांद्याफांद्यांचं झाड! कितीतरी वेळ सूक्ष्मदर्शकावरून डोळा हललाच नाही. इथेच बुरशी फॉस्फरस देते, साखर आणि स्निग्धांश घेते. तिला बोलावणं धाडतं मूळच, स्ट्रिगोलॅक्टोन नावाचे रेणू मातीत सोडून. २००५ मध्ये जपानी संशोधकांनी हे दाखवलं. याच रेणूंच्या खुणेवर टारफुलाही उगवतो आणि ज्वारीला शोषतो. आमच्या शेतातला टारफुला आजी चिडून उपटायची. तरी मूळ हाक मारतच राहतं. फॉस्फरस कमी पडला की आणखी जोरात.

संध्याकाळी आजीला फोनवर सगळं सांगितलं. क्षणभर गप्प. मग म्हणाली, "मुळं बोलतात होय गं?"