तितर मारायला शंभर पौंडांची जमीन

इंग्लंडमधली चोरटी शिकार कायद्याच्या भाषेत कधी चोरी नव्हतीच. रानातला जिवंत ससा कुणाच्याच मालकीचा नाही, मग चोरी कुणाची? गुन्हा होता तो लायकी नसताना शिकार केल्याचा. आणि लायकी मोजायची जमिनीवर. १६७१ च्या कायद्याप्रमाणे रानससा, तितर किंवा फेजंट (लांब शेपटीचा, कोंबड्यासारखा रानपक्षी) मारायचा तर वर्षाला १०० पौंड उत्पन्नाची स्वतःची जमीन हवी, नाहीतर ९९ वर्षांच्या पट्ट्याची १५० पौंड उत्पन्नाची. परगण्यात मत द्यायला ४० शिलिंगांची, म्हणजे २ पौंडांची जमीन पुरे. तितराला पन्नासपट! आपल्या पिकात चरणारा ससा कुळाने मारला, तर कूळही गुन्हेगार.

१७०७ पासून दंड ५ पौंड, नाही भरला तर तीन महिने कैद. दंडातला अर्धा वाटा खबर देणाऱ्याला आणि अर्धा गावच्या गरिबांना. शेजाऱ्याने शेजाऱ्याची चुगली करावी, याची ही रोख सोय.

सगळ्यात आंधळं कलम मात्र १७५५ चं. शिकारीची विक्रीच बंद! लंडनच्या पैसेवाल्या व्यापाऱ्याला ताटात फेजंट हवाच असायचा, पण जमीन नाही म्हणून मारता येत नाही आणि बंदी म्हणून उघडपणे विकतही मिळत नाही. उरला तो चोरटा माल. तो फेरीवाल्याकडून घोडागाडीच्या गाडीवानाकडे जायचा आणि तिथून टोपलीत दडून शहरातल्या कोंबडीवाल्याकडे. पोटापुरता ससा धरणाऱ्याच्या जोडीला धंदेवाईक टोळ्या उभ्या राहिल्या, त्या या बंदीच्या जिवावर.

सशाला बहुधा तारेचा फास. ससा रोज त्याच वाटेने जातो, गवतात त्याची बारीक पायवाट पडते. तिथे खुंटीला बांधलेला फास त्याच्या डोक्याच्या उंचीवर धरायचा. आवाज नाही, खर्च नाही. पण शिकार काढायला परत यावंच लागतं, आणि घात तिथेच. मुरलेला रखवालदार सापडलेला फास उचलत नसे. तो तसाच ठेवून पहाटेपर्यंत झुडपात दबा धरून बसे. तितरांचा थवा रात्री उघड्या शेतात जमिनीवर बसतो, म्हणून दोघांनी लांब जाळं दोन्ही टोकांना धरून कापणी झालेल्या रानावरून ओढायचं. यावर उतारा म्हणून रखवालदार शेतात जागोजागी काटेरी फांद्या रोवत. जाळं अडकलं की थवा उडाला.

रखवालदारी कमी पडली तिथे स्प्रिंग गन. फिरत्या खुंटावर बंदूक, तिला चहूबाजूंनी ताणलेल्या तारा. तारेला पाय लागला की नळी त्याच दिशेला वळून बार उडायचा. तिला चोर कोण आणि फुलं वेचणारं पोर कोण, हे काय कळणार? १८२७ मध्ये तिच्यावर आणि माणसं अडकवणाऱ्या दातेरी सापळ्यांवर बंदी आली. रात्री घराच्या रक्षणापुरती तेवढी सूट राहिली.

लगेच १८२८ मध्ये रात्रीच्या शिकारीचा कायदा आला. रात्र म्हणजे सूर्यास्तानंतर एक तासापासून सूर्योदयाआधी एक तासापर्यंत. पहिल्यांदा सापडला तर तीन महिन्यांपर्यंत सक्तमजुरी, वर पुन्हा असं न करण्याबद्दल जामीन. दुसऱ्यांदा सहा महिने. तिसऱ्यांदा सात वर्षं काळं पाणी. तिघे किंवा जास्त असून एकाच्याही हाती हत्यार असेल, तर चौदा वर्षांपर्यंत. तोच ससा दिवसाढवळ्या धरायला दुसऱ्याच्या रानात शिरलं, तर १८३१ च्या कायद्याने २ पौंडांपर्यंत दंड. पण दक्षिणेकडे शेतमजुराला आठवड्याला जेमतेम दहा शिलिंग मिळत, तेव्हा हा ‘हलका’ दंडही महिन्याच्या मजुरीएवढा.

आणि निवाडा कोण करणार? किरकोळ खटले ज्यूरीशिवाय गावाकडच्या मॅजिस्ट्रेटपुढे चालत. मॅजिस्ट्रेट व्हायलाही जमिनीची अट होती, त्यामुळे खुर्चीवर बहुधा जमीनदारच, फार तर फिर्यादीचा शेजारी. त्याच्याही रानात फेजंट पाळलेले.

१८३१ च्या कायद्याने जमिनीची अट गेली. परवाना काढून कुणालाही शिकार करता येऊ लागली, परवाना असलेल्या दुकानदाराला विक्रीही. पण जमीनदारांनी कुळांच्या करारात शिकारीचा हक्क स्वतःकडेच राखून ठेवला. स्वतःच्या पिकातला ससा मारायचा, कराराने काढून घेता न येणारा हक्क कुळाला मिळाला तो १८८० मध्ये, आणि तोही फक्त सशांपुरता. तितर आणि फेजंट मालकाचेच राहिले.