डायोडचे ०.७ व्होल्ट घरी मोजले तेव्हा : माझा अनुभव

डिप्लोमाच्या लॅबमध्ये डायोडचं (करंट एकाच दिशेनं जाऊ देणाऱ्या भागाचं) प्रॅक्टिकल सगळे एकाच पद्धतीनं उरकतात. सप्लायचा नॉब फिरवत व्होल्टेज ०.१ नं वाढवायचं. ०.५ पर्यंत मिलिॲमीटरचा काटा ढिम्म, ०.६ च्या पुढे एकदम उसळी. आलेख काढायचा, ‘नी व्होल्टेज ०.७’ (म्हणजे आलेख जिथे गुडघ्यासारखा वळतो ते व्होल्टेज) लिहायचं, जर्नलवर सही घ्यायची. ०.५ ला करंट खरंच नसतो का, हे विचारायला तिथे कुणाला वेळ असतो! म्हणून सुट्टीत घरीच मांडामांड केली.

सामान किरकोळ : १एन४००७ डायोड, ९ व्होल्टची बॅटरी, ब्रेडबोर्ड, साधा डिजिटल मल्टिमीटर. रीत मात्र उलटी ठेवली. आधी करंट ठरवायचा, मग डायोडवर किती व्होल्ट पडतात ते वाचायचं. त्यासाठी ८२० ओहम, ८.२ किलो, ८२ किलो आणि ८२० किलो ओहम असे रेझिस्टर घेतले. बॅटरीच्या व्होल्टेजमधून डायोडचं वजा केलं, रेझिस्टरनं भागलं की करंट मिळतो. म्हणजे ढोबळमानानं १० मिलिॲम्पिअर, १ मिलि, १०० मायक्रो आणि १० मायक्रो. ॲमीटर लागतच नाही.

वाचनं आली अशी : १० मायक्रोला ०.३९, १०० मायक्रोला ०.४९, १ मिलिला ०.५९ आणि १० मिलिला ०.६९ च्या आसपास. करंट दहापट, व्होल्टेज फक्त ०.१ नं जास्त. लॅबमध्ये काटा का उसळतो ते इथे कळलं. आणि ०.५ ला करंट असतोच, फक्त मिलिॲमीटरला तो दिसत नाही.

मग सेमी-लॉग कागदावर (ज्याच्या एका अक्षावर प्रत्येक पायरी दहापट असते) चारही बिंदू टाकले. जवळजवळ सरळ रेषा! त्यात वळण कुठेच नाही. साध्या कागदावर उभा अक्ष १० मिलिपर्यंत घेतला तर वळण ०.६ च्या पुढेमागे दिसतं. तोच अक्ष १० मायक्रोपर्यंत घेतला तर हुबेहूब तोच आकार ०.३ च्या जवळ सरकतो. डायोड तोच, पट्टी बदलली. ०.७ हा आकडा हिशेबाला सोयीचा आहे, पण त्याला डायोडचं दार उघडण्याची वेळ समजू नये.

भौतिकशास्त्रज्ञ विल्यम शॉकलीनं १९४९ मध्ये मांडलेल्या डायोडच्या समीकरणाप्रमाणे दहापट करंटला खोलीच्या तापमानात सुमारे ६० मिलिव्होल्ट पुरायला हवेत. माझे १०० का? डायोडमधला काही करंट जंक्शनच्या (दोन थर जुळतात त्या जागेच्या) मधल्या पट्ट्यातच इलेक्ट्रॉन आणि होल (इलेक्ट्रॉनची रिकामी जागा) एकत्र येऊन संपण्यातून येतो, त्यामुळे उतार बदलतो. आयडिॲलिटी फॅक्टर (पायरी ६० मिलिव्होल्टच्या किती पट, तो आकडा) १ ऐवजी १.७ च्या घरात जातो. खात्री करायला बीसी५४७ ट्रान्झिस्टरचा बेस आणि कलेक्टर जोडून त्याचाच डायोड केला. त्यात बराचसा करंट कलेक्टरमधून जातो आणि ही भानगड बेसच्या वाट्याला राहते. करंट दर वेळी दहापट करत वाचनं आली ०.५२, ०.५८, ०.६४. बरोब्बर ६० मिलिव्होल्टच्या पायऱ्या. मला तरी या सगळ्यात हाच भाग सर्वांत आवडला.

एक सूचना : वाचन घेताना डायोडला हात लावू नका. १ मिलिवर तो चिमटीत धरला तर बोटांच्या उबेनं व्होल्टेज हळूहळू उतरू लागतं, तापमानाच्या दर अंशामागे साधारण २ मिलिव्होल्ट. करंट तोच राहतो. त्यामुळे जर्नलमध्ये वाचनाशेजारी खोलीचं तापमानही लिहा.