आरशासमोरची बॅटिंग

मंगळवार, रात्र

पावसाने मैदानाचा पार चिखल केलाय, त्यामुळे सध्या आमच्या मुलींचा सॉफ्टबॉलचा सराव शाळेच्या हॉलमध्येच. तिथे बॉल मारायची सोय नाही, नुसता स्विंग, म्हणजे बॅट फिरवणं. म्हणून एका बंद पडलेल्या कापडदुकानातला आदमकद आरसा मिळवला आणि आज भिंतीला टेकवून उभा केला. सुरुवातीचा बराच वेळ वाया गेला. कुणी केस सारखे करतेय, कुणी मैत्रिणीला ढकलून हसतेय, आणि एक जण बॅट खांद्यावर घेऊन खाली मान घालून उभी. या वयात आरशात बघायचं म्हणजे चेहराच बघायचा असतो. "चेहरा राहू दे गं, कंबर बघ," म्हटल्यावर तर आणखीच लाजल्या. शेवटी आरशाच्या वरच्या भागावर वर्तमानपत्र चिकटवलं, तेव्हा कुठे काम सुरू झालं.

आमच्या मुली गल्लीत क्रिकेट खेळून येतात. नजर चांगली असते, बॉलची भीती नसते. पण सगळं वजन पुढच्या पायावर झोकायची सवय काही जात नाही. क्रिकेटमध्ये ते बरोबरच आहे, टप्प्यापर्यंत पाय न्यायचा आणि डोकं बॉलवर आणायचं. सॉफ्टबॉलमध्ये टप्पाच नाही. छोटं पाऊल टाकायचं, पुढचा पाय घट्ट रोवायचा आणि त्याच्या आधारावर कंबर फिरवायची. हे कितीही सांगितलं तरी पोचत नाही, कारण पुढे झुकलेल्या मुलीला आपण ताठच आहोत असं मनापासून वाटत असतं. आज कागद काढून नाकाच्या रेषेत काचेवर उभी चिकटपट्टी लावली. पाऊल टाकल्यावर डोकं पट्टी ओलांडून पार पलीकडे! "ताई, मी एवढी पुढे जाते?" मी वर्षभर हेच ओरडत होते.

पण हा छातीसमोरचा आरसा स्टान्स आणि वजन तपासण्यापुरताच. पूर्ण स्विंग त्यात बघायला गेलं की मुलगी पिचरकडची, म्हणजे बॉल टाकणारीकडची, मान आरशाकडे वळवते, हनुवटी पुढच्या खांद्यावरून सुटते, आणि खांदा वेळेआधीच उघडतो. एक चूक काढताना दुसरी शिकवल्यासारखं. म्हणून नंतर आरसा पिचरच्या जागी नेला. आता नजर जिथे असायला हवी तिथेच. इथे मी एकच गोष्ट बघायला सांगते: आधी बॅटचा नॉब, म्हणजे मुठीच्या टोकाचा गोळा, दिसायला हवा. हात अंगाजवळून आले तर नॉब आरशाकडे येतो आणि बॅरल, म्हणजे बॅटचा जाड भाग, मागे लपलेलं राहतं. पूर्ण लांबीची बॅट दिसते ती थेट बॉल लागायच्या जागी. हात लांब फेकले तर बॅरल सुरुवातीलाच बाजूला पसरलेलं दिसतं. लहान मुलींना हा लपाछपीचा खेळ फार आवडला.

सगळं अगदी संथ, थांबून थांबून. जोरात मारताना आरशात काही दिसतच नाही, आणि काचेसमोर पूर्ण ताकदीचा स्विंग करू द्यायची माझी छातीही नाही. घामेजलेल्या हातातून बॅट सुटायला किती वेळ लागतो?

महिलांच्या फास्टपिचमध्ये, म्हणजे वेगवान बॉलच्या सॉफ्टबॉलमध्ये, पिचर 43 फुटांवर. ताशी 90 किलोमीटरचा बॉल अर्ध्या सेकंदात येऊन थडकतो. त्यात कोपर कुठे, कंबर कुठे याचा विचार करायला सवडच नाही. शरीराच्या हालचाली कशा शिकल्या जातात याच्या अभ्यासक गॅब्रिएल वुल्फ यांचं यावर बरंच संशोधन आहे: लक्ष स्वतःच्या अवयवांवर ठेवण्यापेक्षा त्या हालचालीच्या परिणामावर ठेवलं, तर खेळ जास्त चांगला होतो. म्हणून माझा नियम असा की टीवर, म्हणजे बॉल ठेवायच्या उभ्या दांडीवर, बॉल ठेवला की आरसा भिंतीकडे तोंड करून. त्यानंतर फक्त बॉल कुठे गेला एवढंच विचारते. मोबाईलवरचं शूटिंगही मी फारसं दाखवत नाही. मुली मग तासभर त्यातच रमतात.

संघात एकच डावखुरी आहे. डावखुऱ्यांचा बॅटर्स बॉक्स, म्हणजे बॅटिंगला उभं राहायची चौकट, पहिल्या बेसच्या जवळ, त्यामुळे बॉल मारून त्या बेसपर्यंतच्या 60 फुटांच्या धावेत तिला दोन पावलांचा फायदा. म्हणून तिच्यावर माझा विशेष जीव. तिला शिकवणं अवघड जाईल असं वाटायचं, पण उलटंच झालंय. मी उजव्या हाताची. तिच्यासमोर उभी राहून स्विंग केला की तिला तो आरशात दिसावा तसाच दिसतो आणि ती जशाच्या तसा उचलते. उजव्या हाताच्या मुली मात्र माझ्यासमोर उभ्या राहिल्या की गोंधळतात, कोणता पाय पुढे हेच विचारत बसतात. उद्या त्यांच्यासाठी मी डावखुरी होऊन उभी राहणार आहे. माझा डावा स्विंग बघून हसतील. हसू देत, पाय तरी बरोबर पडतील.